ईश्वरीअम्माचा पालथा माठ

परवा आमच्या जुन्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनच्या बाजारात, उन्हाने जीव कासावीस झाला. एका दुकानाबाहेरच्या पाणपोईवर पाणी प्यायले... आणि ईश्वरीअम्मा डोळ्यांपुढे उभी राहिली.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. तेव्हा आम्ही तिथल्याच एका गल्लीत राहायचो, मी जीन्सची शिलाई घरी आणून करायचे. समोर ही सिंधी म्हातारी, एकटीच.

तिचा तरणा मुलगा तापात "पाणी, पाणी" करत गेला होता. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती दारात ओलं फडकं गुंडाळलेला माठ ठेवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, "आ पुट, पाणी पी." पुट म्हणजे लेकरू... तिला सगळीच लेकरं.

त्या वर्षी गॅस्ट्रोची साथ आली. घरटी कोणी ना कोणी जुलाब-उलट्यांनी आडवं. नगरपालिकेने साथीच्या कायद्याखाली हुकूम काढला... कापलेली फळं, बर्फाचे गोळे, उघड्यावरचं सरबत-पाणी, सगळं बंद.

आरोग्य खात्याचे साहेब अम्माच्या दारात आले तशी गल्ली गोळा झाली. कोणीतरी टोमणा मारला, "काय साहेब, गोळेवाले सोडून म्हातारीचं फुकटचं पाणी खुपलं होय?"

"गोळेवाल्याचा बर्फ सकाळीच गटारात गेलाय. जाऊन बघा," साहेब म्हणाले.

अम्मा माठाला कवटाळून बसली. "रोज धोती हूँ, तुलसी डालती हूँ. मेरे मटके में बीमारी?"

"मटका साफ है अम्मा, नल का पानी खराब है. पाइप गटर के पास फूटा है." साहेब तिच्यापुढे वाकले. "कानून से मुझे ये तोड़ना पड़ेगा. आज नहीं तोड़ता. कल आऊँगा."

त्याच संध्याकाळी माझी लेक सुनीता आडवी झाली. शाळेतून येताना अम्माकडे पाणी पिणं हा तिचा नेमच होता. सरकारी दवाखान्यात सलाइन लावलं. पोरीचे डोळे खोल गेलेले...

अम्मा तिथवर आली. "मेरे मटके का पिया था?"

"घरीही तेच नळाचं पाणी, अम्मा," मी म्हटलं. ते खरंही होतं. पण ती सुनीताच्या कोरड्या ओठांकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, तर माठ बाकड्यावर पालथा. आणि शेजारी अम्मा, नेहमीसारखीच बसलेली.

साहेब म्हणाले, "बस हो गया अम्मा, अब अंदर जाओ. धूप है."

"प्यासा आएगा तो उसको बोलेगा कौन?"

साथ ओसरेपर्यंत ती उठली नाही. कोणी माठाकडे वळलं की सांगायची, "नहीं पुट, घर जा. उबाल के पी." लोक हसायचे, कोणी वैतागायचे. पाण्याला नाही म्हणताना दर वेळी तिचा आवाज कापायचा... मी शिलाई करता करता ऐकायचे.

सुनीता वाचली. आज इथून जवळच, बेलवलीत, तिचा भरला संसार आहे.

तहानलेल्याला पाणी द्यावं, हे कोणी शिकवावं लागत नाही. ज्या आईचं लेकरू पाण्यासाठी तळमळत गेलं, तिने पाणी नाकारायला बसायचं... कायदा साहेबांनी आणला खरा, पण आमच्या गल्लीत तो पाळवून घेतला अम्माने.

परवा पाणी पिऊन झाल्यावर पेला मी जागेवर पालथा ठेवला. हात आपोआप जोडले गेले.