चादरीमागचे हात

लातुरात फोटोग्राफरच्या कानावर रोज पडणारा शब्द म्हणजे ‘उडवा’. मागची भिंत उडवा, गालावरचा डाग उडवा, वहिनींच्या मागं उभा राहिलेला तो माणूस उडवा. मी कित्येक वर्षं उडवतच आलो. क्लासच्या फ्लेक्सवर गुणवंत मुलांचे जे चेहरे दिसतात, त्यातले बरेच मी काढलेले. चेहरा तेवढा कापून घ्यायचा आणि मागं निळा रंग भरायचा. हात इतका बसला होता, की फोटो काढताना आपण काय पाहिलं हे संध्याकाळी मला सांगता आलं नसतं.

म्हणून कॅमेरा विकायचं ठरवलं होतं. दुकानात नुसती फ्लेक्सची छपाई ठेवायची. लग्नाचे फोटो काढणारा नांदेडचा एक तरुण घ्यायला तयार होता. बायकोला मी सांगितलं, डोळे दुखतात. ते खोटं होतं. मला बघावंसंच वाटत नव्हतं, आणि हे घरात कसं बोलायचं ते कळत नव्हतं.

“विकून टाका एकदाचा,” ती म्हणाली. “रोज त्याच्यासमोर तोंड पाडून बसता. सवत तरी बरी.”

त्याच आठवड्यात नांदेड जिल्ह्यातल्या उमरीकडच्या एका खेड्यातली बाई दुकानात आली. तिच्या मुलीचा मेडिकलला नंबर लागला होता. निकालाच्या वेळी मी नांदेडला होतो, म्हणून क्लासनं मलाच त्यांच्या गावी फोटोला पाठवलं होतं. आता मुलीचं हॉस्टेलवरचं सामान न्यायला आई लातूरला आली, चौकातला फ्लेक्स पाहिला आणि पत्ता विचारत थेट माझ्याकडं.

“भाऊ, माझा हात कुठं हाय?”

मला काही उमगेना.

“अवं, चादर धरली होती न्हाई का मी! गल्लीत समद्यांना सांगून आले, लातूरच्या चौकात माझा हात लागलाय म्हणून.”

तेव्हा आठवलं. त्यांच्या घराच्या भिंती पोपटी होत्या, म्हणून अंगणात मुलीच्या मागं पांढरी चादर धरायला लावली होती. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तिचा नवरा.

“ताई, तो उडवावा लागतो.”

“उडवला?” तिनं आपला हात वर करून पाहिला. “असा कसा उडवला? कापूस येचायला लागतो अजून.” आणि स्वतःच खो-खो हसली.

मला हसता आलं नाही. मी कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. चादरीच्या कडेवर तिची बोटं होती, हिरव्या बांगड्या कोपराकडं घसरलेल्या. पलीकडं नवऱ्याचा जाड अंगठा. खाली दोघांचे पाय. त्यातल्या तिच्या एका पायाची टाच उचललेली, कारण नवरा उंच होता आणि तिला चादर सारखी करायची होती. हे सगळं माझ्याच कॅमेऱ्यात होतं, आणि मी ते पहिल्यांदा बघत होतो.

“वारं लई सुटलं होतं,” ती म्हणाली. “आन हिचं तोंड बघा. हसंनाच झाली होती. मी मागून म्हणलं, म्हशे, आता तरी हस, न्हाईतर पेशंट पळून जातील.”

त्या हसण्याचं क्लासच्या सरांनी कौतुक केलं होतं, आणि मी ते गुपचूप ठेवून घेतलं होतं. मी कबूल केलं, “ताई, मला वाटलं मी हसवलं.”

“तुमी? तुमी तर हनुवटी वर, हनुवटी खाली, एवढंच म्हणून राहिले होते.”

तिला हातासकट फोटो छापून दिला. ती गेल्यावर मी जुने फोटो काढून बसलो. जिथं जिथं चादर, तिथं तिथं कडेला कुणीतरी. मेंदीची बोटं, अंगठी रुतलेलं बोट, दातात धरलेलं चादरीचं टोक. ही माणसं मागं काय बोलत असतील? पोराकडं बघत असतील, की एकमेकांकडं? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. अशी ओढ लागल्याला फार दिवस झाले होते.

पुढचं काम नांदेडजवळच्या विष्णुपुरीला होतं. मुलाचा फोटो झाल्यावर मी त्याच्या आईवडिलांना म्हणालो, “तशीच धरा, मी मागं येतो.”

“मागं काय हाय?” वडील म्हणाले. “मी अन् ही.”

मागून चादरीवर मुलाची सावली दिसत होती आणि दोघं दबक्या आवाजात भांडत होते. “नीट धरा की. माझ्याच बाजूनं वाकडी पायजे का?” मी कॅमेरा उचलला, तशी बाईनं पदर सावरायला हात सोडला. चादर खाली. फोटोत तिचा चेहरा हललेला, नवऱ्याचं डोकं कापलेलं, आकाश पांढरंफटक.

परतताना एसटीत मी तो फोटो पुनःपुन्हा बघत होतो. कुठं उभं राहायला हवं होतं? आधी गप्पा मारायच्या होत्या का? तेवढ्यात नांदेडच्या तरुणाचा फोन आला.

“काका, उद्या येऊ ना कॅमेरा न्यायला?”

“नको रे बाबा. माझं चुकलं, तुला ताटकळत ठेवलं. विकायचा नाही.”

“का? मोठं काम लागलं का?”

“नाही. एक फोटो बिघडलाय. तो परत काढायचाय.”

“एका फोटोपायी?”

“हाव रे,” मी म्हणालो.