आपांनी शिकवलेलं हसू

नसीमचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी नुकतंच गॅसवर दूध ठेवलं होतं. "खाला, अम्मी रात्रीच गेली..." एवढंच ती बोलली. लहानपणापासून ती मला खाला म्हणते, म्हणजे मावशी. गॅस कधी बंद केला, चपला कधी घातल्या, काही आठवत नाही. सकीनाआपांचं घर भवानी पेठेत, आमच्याकडून रिक्षानं दहा मिनिटांवर. मी पोचले तोवर बायकांनी त्यांना आंघोळ घालून पांढऱ्या कापडात गुंडाळलं होतं आणि शेवटचं बघून घ्यायला चेहरा तेवढा उघडा ठेवला होता. मी वाकून पाहिलं आणि तशीच थबकले. गेली नऊ वर्षं आपांच्या चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली होती. तोंडाचा कोपरा खाली आलेला, डोळा पुरता न मिटणारा. आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या. शेजारची एक म्हातारी पुटपुटली, "देखो, कैसी हंस रई..." मला तसं वाटलं नाही. आपांचं हसू मी बावीस वर्षं शेजारी बसून पाहिलेलं, ते मला पाठ होतं. हे ते नव्हतं. हा चेहरा नुसता निवांत होता, आता कुणासाठी काही करायचं उरलं नाही असा. त्याला तीन आठवडे होऊन गेले. तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझी आणि आपांची ओळख झाली ती साडीच्या दुकानात. माझ्या नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि मला नोकरी शोधणं भाग पडलं. शुक्रवार पेठेच्या तोंडाशी एक दुमजली दुकान होतं, खाली विक्री, वर गोदाम. थोरल्या मालकांनी मला बी.ए. झालेली म्हणून ठेवून घेतलं आणि आपांच्या शेजारी बसवलं. आपा माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, नवरा वारलेला, एका मुलीला घेऊन आईच्या घरी राहणाऱ्या. पायरीवर गिऱ्हाईक दिसलं की त्यांचा चेहरा असा उजळायचा की येणाऱ्या बाईला वाटावं, ही माझीच वाट बघत होती. मला ते जमेना. मी आपली अवघडून बसायची. तिसऱ्या दिवशी आपांनी हातातली घडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "शोभा, ऐसा मुंह लेके बैठी तो गिऱ्हाईक साडी बघील का तुझं दुखणं बघील? हस की जरा. हसायला कारण लागत नाही. समोर माणूस आलंय, हेच कारण." मी हसून दाखवलं. त्यांनी मान वाकडी करून बघितलं. "हां. आता हे दात दाखवणं झालं. उद्या हसशील."

हळूहळू मला हसू जमायला लागलं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं की एके दिवशी त्याच हसण्यानं माझी मान खाली गेली. भर दुपारची वेळ, दुकान रिकामं. चाळिशीतला एक माणूस एकटाच आत आला, धोतर-सदरा, पायांत धूळ. पुरुष एकटा साडी घ्यायला आला की बायकोला गुपचूप भेट असणार, असा माझा हिशेब. मी छान हसून म्हटलं, "या दादा, कुणासाठी बघताय? लग्नाचा वाढदिवस का?" तो माणूस माझ्याकडं बघून हसला. हो, हसलाच. मग म्हणाला, "हिरवी द्या. कसली बी द्या, जरा घाई हाय." मी उत्साहानं हिरव्याचे चार प्रकार काढायला लागले, तेवढ्यात आपांचा हात माझ्या मनगटावर आला. त्या उठल्या, कपाटातली एक साधी, चांगल्या पोताची हिरवी इरकल काढली, तिची घडीसुद्धा न मोडता कागदात बांधली आणि दोन्ही हातांनी त्या माणसापुढं धरली. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. खालच्या आवाजात एवढंच विचारलं, "कधी झालं, दादा?" तो म्हणाला, "पाटं." आणि मग तो तिथंच गादीच्या कडेला बसला. सवाष्ण गेली की तिला हिरवी साडी नेसवतात, एवढं मला, हिंदूच्या घरातल्या बाईला, सुचलं नव्हतं. आपांनी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर मी रडकुंडीला आले. "आपा, मी हसले ते हसले... पण तो का हसला हो? बायको घरात तशी पडलेली आणि हा हसला?" आपा मी काढलेल्या साड्या आवरायला लागल्या. मग म्हणाल्या, "तुला वाईट वाटू नये म्हणून. तू हसलीस, तो नाही हसला तर तुला लाजल्यासारखं झालं असतं. अशा घटकेलाही माणूस दुसऱ्याचं हसू खाली पडू देत नाही, शोभा."

आज एवढ्या वर्षांनी मला वाटतं, हसण्याबद्दल मला जे काही कळलं ते त्या एका दुपारी कळलं. माणूस आनंदानं हसतो, हे तर शाळेतलं पोरगंही सांगेल. पण दुकानात बसून मी पाहिलं, की आनंदानं हसणारी माणसं थोडीच. सासूनं निवडलेल्या रंगाला हो म्हणणारी मुलगी हसते. किंमत ऐकून साडी परत ठेवणारी बाई हसते. चूक पकडली गेली की माणूस हसतो, अनोळखी ठिकाणी वाट चुकला तरी हसतो. आपांना हसण्याचे हे सगळे प्रकार ओळखता यायचे आणि त्यांचा त्या फायदा कधी घ्यायच्या नाहीत. नवरीमुलगी नको त्या रंगाला हसून होकार देत असली, की आपा तिच्या सासूला म्हणायच्या, "मावशी, हा रंग उन्हात फिका पडतो हो, दुसरा दाखवू?" मुलगी चमकून बघायची. खरं हसू तेव्हा यायचं.

मग नऊ वर्षांपूर्वीचा तो हिवाळा आला. सकाळी चहा पिताना आपांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून चहा ओघळला. त्यांना वाटलं, कप फुटका आहे. दुपारपर्यंत अर्धा चेहरा लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, बऱ्याच जणांची भरून येते. आपांची भरून आली नाही. दोन महिन्यांनी त्या कामावर आल्या. पायरीवर पहिलंच गिऱ्हाईक दिसलं आणि सवयीनं हसल्या, तर डावीकडचा ओठ वर गेला, उजवीकडचा तसाच राहिला. कुत्सित हसावं तसं दिसलं ते. ती बाई बिचकून दुसऱ्या गादीकडं वळली. आपांनी ओढणीचं टोक तोंडावर घेतलं, आणि त्यानंतर कित्येक महिने दुकानात त्यांना हसताना मी पाहिलं नाही.

तोवर थोरले मालक जाऊन त्यांचा मुलगा बसायला लागला होता. वाईट माणूस नव्हे. पण दुकान नव्यानं सजवलेलं, आरसे, दिवे. एका सकाळी तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "आपा, तुम्ही आता वर गोदामात घड्यांचं काम बघा. आराम पडेल." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "काय शोभाताई, बरोबर ना?" आणि मी... मी हसले. हो म्हटलं नाही, की नाही म्हटलं नाही. नुसती हसले. आपांनी ते पाहिलं, ओढणी सारखी केली आणि जिना चढून गेल्या. त्यांच्यामुळं मी त्या गादीवर टिकले होते आणि त्यांच्यासाठी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. त्या संध्याकाळी वर जाऊन मी त्यांची माफी मागितली. त्या घड्या घालत म्हणाल्या, "कायकू माफी? तुझी नोकरी होती. मी असते तर मीही हसलेच असते." मग थांबून म्हणाल्या, "गंमत बघ. तीस वर्षं हसत होते, तेव्हा कुणी विचारलं नाही, की सकीना, तू खूश हाय का? आता हसत नाही, तर रोज चार जण विचारतात, काय दुखतंय का?" हे त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नव्हत्या. पण मला रात्रभर झोप आली नाही.

चारेक महिने गेले. लग्नसराईत वेळापूरहून एक मोठं कुटुंब बस्ता बांधायला आलं, म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एकदम करायला. सोबत ऐंशीच्या घरातली आजी. मी दाखवत होते, हसत होते, आणि आजी एकेका साडीला नाक मुरडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ती बाई कुटं हाय? मुसलमानाची? माज्या तिन्ही लेकींच्या साड्या तिनंच दिल्या." मालक पुढं आला, "आजी, त्या आता नाही बसत इथं." आणि या वेळी मात्र मी हसले नाही. उठून म्हटलं, "बसत नाहीत म्हणजे वर आहेत. बोलावते." मालकाकडं न बघता मी जिन्याखाली जाऊन हाक मारली. आपा ओढणी तोंडावर धरूनच खाली आल्या. आजींनी हातानं ती ओढणी बाजूला केली आणि चेहरा निरखून विचारलं, "ह्ये काय झालं गं बाई तोंडाला?" आपा म्हणाल्या, "नस गेली, आजी. आता हसायला येत नाही." आजी म्हणाल्या, "मग बरंच झालं की! मगापसनं ही पोरगी हासून हासून मला गुंडाळायलीय. तू बिनहासता सांग. ही पिवळी कशी हाय?" आपांनी साडीचा काठ चुरगळून उजेडात धरला. "घेऊ नका. दोन धुण्यांत जरीचा काठ काळा पडेल." मालक उभाच होता. आजी त्याच्याकडं वळून म्हणाल्या, "बगा, हिला खाली बसवा. आमी हिच्याकडनंच घेणार."

तेव्हा आपा हसल्या. चेहऱ्यानं नव्हे, गळ्यातून, छातीतून, आवाज करून, खांदे हलवत. डोळ्यातून पाणी येईपर्यंत. हसू गेलं होतं, हसणं कुठं गेलं होतं? आजीही हसायला लागल्या, मीही, आणि मग मालकसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून आपा पुन्हा माझ्या शेजारी आल्या, ओढणी खांद्यावर टाकून. पुढं सहा वर्षं, वयामुळं काम सोडेपर्यंत, त्या तिथंच बसल्या. नवी गिऱ्हाइकं आधी बिचकायची, मग त्यांच्याच पुढं बसायची. कारण त्या चांगलं म्हणाल्या तर चांगलं, नको म्हणाल्या तर नको. कुणी नवीन औषध सुचवलं, की त्या हात जोडायच्या. "नक्को गे. मी नाद सोडला. अल्लानं दिलं तसं तोंड." मी ते खरं मानून चालले होते.

परवा नसीमकडं गेले. आपांच्या खोलीतलं सामान ती एकटी आवरत होती. खिडकीशेजारी भिंतीवर एक छोटा आरसा होता, इतका खाली टांगलेला, की उभं राहिलं तर त्यात आपला नुसता पदर दिसावा. समोर एक लाकडी स्टूल. मी म्हटलं, "हा एवढा खाली का गं?" नसीमनं हातातले कपडे मांडीवर घेतले. "अम्मीचा व्यायाम, खाला. डॉक्टरांनी सांगितलेला. गाल फुगवायचे, ओठ ताणून ई म्हणायचं, बोटानं कोपरा वर धरून ठेवायचा. रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर दहा मिनिटं." मी विचारलं, "किती दिवस करत होत्या?" ती म्हणाली, "नऊ वर्षं. आदल्या दिवशीपर्यंत. मी म्हणायचे, अम्मी, अब किसको दिखाना है? तर म्हणायची, कुणाला दाखवायचं नाही गं, मला येतंय का ते बघायचंय." मग कपड्यांची घडी घालत ती म्हणाली, "दिवाळीच्या सुमारास म्हणत होती, कोपरा थोडा हलतोय. मला तर कधी दिसला नाही..."

नसीम चहा ठेवायला आत गेली. मी त्या स्टुलावर बसले. आरशात माझा चेहरा बरोबर मधोमध आला, थकलेला, एकसष्ट वर्षांचा, दोन्ही बाजूंनी धड. दारात कुणी नाही असं पाहून मी ओठ ताणले आणि हळूच म्हटलं, ई...