फुडं जायचंय

पलूसच्या चौकातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ते रोज सकाळी येतात. माजी आमदार, लागोपाठ दोन निवडणुका हरलेले, पण आम्ही अजून साहेबच म्हणतो. खुर्ची दिली तरी बसत नाहीत. एक पाय पायरीवर, हातात मोबाईल, नजर रस्त्यावर. "बसा की," म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "न्हाई रं गड्या, फुडं जायचंय." कुठं, ते मी कधी विचारलं नाही.

तालुक्यात कुणीही गेलं, तरी तिसऱ्या दिवशीचं राख-अस्थी गोळा करायचं सावडणं ते चुकवत नाहीत. माझ्या वडलांच्या सावडण्यालाही नदीकाठी उभं राहून चार शब्द बोलले, चांगलेच बोलले. शेवटी मात्र सवयीनं हात जोडून म्हणाले, "मतदानाला तेवढं ध्यान असू द्या." सगळ्यांनी माना खाली घातल्या. आईच तेवढी म्हणाली, "हाय की, सायेब."

तेराव्यानंतर दुकान उघडलं, तर ते आधीच दारात उभे.

"त्या दिवशी मी शेवटाला काय बोललो रं?"

"चांगलंच बोलला की तुमी."

माझ्याकडं बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले, आणि बसूनच राहिले. मला वाटायला लागलं, यांनी आता उठावं, फुडं जावं.