उभ्या बसमधल्या बायका

बस घेऊन तिच्यात राहायची कल्पना माझ्या नवऱ्याची, निखिलची. ती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, हा हट्ट माझा. मी फोटोवरून भाजीसुद्धा घेत नाही. नाशिकचं आमचं भाड्याचं घर मालकांना मुलाच्या लग्नासाठी हवं होतं आणि महिनाअखेर आम्हाला ते सोडायचं होतं. नव्या घरांची भाडी परवडणारी नव्हती. तेव्हा निखिल म्हणाला, जवळच गिरणाऱ्याला मामांचा जमिनीचा तुकडा पडून आहे, तिथे बस उभी करू आणि तिच्यातच राहू. मी हसले. आठवडाभराने मीच वहीच्या पानावर ओट्याची मापं काढत होते.

बस होती भिवंडीजवळ खारबावला, मुश्ताकचाचांच्या यार्डात. चाचा जुन्या गाड्या घेतात, चालण्याजोग्या करतात, नाहीतर तोडून विकतात. त्यांनी एक अट घातली होती: आतलं सगळं आम्हीच काढायचं, इंजिन ते बघतील. म्हणून चांगली आठवडाभराची सुट्टी टाकून निघालो.

असा बेत कुणाचा असेल तर आधी कामाच्या गोष्टी सांगते. नाशिकहून भिवंडी तशी लांब नाही, पण बायपासपासून पुढे कंटेनर आणि ट्रेलर यांच्या रांगेत किती वेळ जाईल ते कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे पहाटे निघा. आम्ही टेमघरला एका साध्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ होती, गरम पाणी सकाळीच यायचं, आणि मागच्या गल्लीत लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. खटखट रात्रंदिवस चालू असते. पहिल्या रात्री वाटलं झोप लागणार नाही. प्रत्यक्षात त्या आवाजात इतकी गाढ झोप लागली, की शुक्रवारी लूम बंद राहिले तेव्हा शांततेनेच जाग आली. टेमघरहून अंजूरफाट्यापर्यंत शेअर रिक्षा मिळते, तिथून खारबावला दुसरी. जेवणाची चिंता नको. सकाळी नान आणि पायाचा रस्सा, दुपारी तांदळाची भाकरी आणि जवळा, दोन्ही आपल्या खिशाला परवडेल असं.

यार्ड गावाच्या टोकाला आहे. पलीकडे भात कापून झालेली शेतं, त्यात वाल टाकलेला, आणि वारा फिरला की खाडीचा वास. बस एका कडेला उभी होती. पांढरा रंग पिवळा पडलेला, टायरांभोवती गवत. कधीकाळी ती आसपासच्या गावांतल्या बायकांना गोदामाच्या ड्युटीवर न्यायची-आणायची. गोदामवाली कंपनी उठून गेली, ठेकेदाराने बस विकली, तेव्हापासून ती इथेच.

आत पाय ठेवला आणि धुळीने शिंकाच सुरू झाल्या. सीटांवर, खिडक्यांवर, वरच्या पत्र्यावर बोट बुडेल इतकी धूळ. फक्त डाव्या हाताची तिसरी सीट स्वच्छ होती. रेक्झिन घासून चकचकीत झालेलं. दारापासून तिथपर्यंत अनवाणी पावलांची वाट पडली होती.

"इथे कुणी झोपतं का?" मी विचारलं.

"झोपत नाही. बसते," चाचा म्हणाले. "गावातली ताराबाई. ह्याच गाडीनं ड्युटीवर जायची. आता डोकं ठिकाणावर नाही तिचं. सकाळी येते, घटकाभर बसते, सून येऊन घेऊन जाते. तुम्ही तुमचं काम करा. तिला उठवू मात्र नका, फार रडते."

बस पसंत पडली, पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मागच्या सीटांपासून सुरुवात केली. सीटचे बोल्ट गंजून पत्र्यात बसलेले असतात. तेल सोडून ठेवायचं, पान्याने हलवून बघायचं, नाहीच हललं तर ग्राइंडर. हातमोजे आणि चष्मा घरून न्या, तिथे शोधत बसाल. दोन सीटा निघाल्या आणि दारात ताराबाई उभी राहिली.

बुटकी, कृश म्हातारी. लुगडं नीट खोचलेलं, केसांना तेल, हातात डब्याची पिशवी. ती दांड्याला धरून वर चढली आणि मधल्या मोकळ्या वाटेतून अंग चोरून, तिरकी होत पुढे आली. गर्दीत चालतात तशी.

"सरक गो जरा," ती म्हणाली.

मला वाटलं मला म्हणाली. मी मागे सरले. पण ती बघत होती माझ्या कितीतरी अलीकडे, रिकाम्या जागेकडे. मग आपल्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारच्या सीटशी बोलायला लागली. पोराचा ताप उतरला का, कालचा सुपरवायझर काय म्हणाला, वालाला शेंगा धरल्या का. प्रश्न विचारायची, थांबायची, मान हलवायची. थांबायची ती बरोबर उत्तराला लागेल तितकीच. माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

थोड्या वेळाने तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"नवी काय गो तू?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"मग मागं बस. हितं कमळ बसते, तिच्या मागं सुगंधा. त्यांच्या जागेवर बसू नको, भांडतात."

तिची सून संगीता उन्हं वर आल्यावर आली. तरुण, चेहऱ्याने थकलेली, बोलायला मोकळी. "आई, ड्युटी सुटली, चला," म्हणाली, आणि ताराबाई मुकाट्याने उठली. उतरताना पुन्हा तशीच तिरकी, वाट काढत.

दोन दिवसांत मागचा अर्धा भाग रिकामा झाला. फरशीचा प्लाय उचलला, भिंतीचं अस्तर काढलं. खालचा पत्रा बरा निघाला, एक कोपरा तेवढा कापून नवा टाकावा लागला. काम छान चाललं होतं, आणि तरी मला मागे जायला नको वाटायला लागलं. ताराबाई रोज येत होती. आता ती बसल्या बसल्या मागे वळून बघायची.

"बिचाऱ्या उभ्या हायत सगळ्या," ती एकदा म्हणाली. "सीटा का काढल्या गो? एवढ्या लांब उभ्यानं जायाचं म्हंजे पाय तुटतात."

मी मागे पाहिलं. उघडा पत्रा, खिडक्यांतून आलेलं ऊन, त्यात तरंगणारी धूळ. निखिल मागच्या टोकाला टेप घेऊन माप घेत होता. तो माझ्याकडे यायला निघाला आणि सरळ न येता खिडकीच्या कडेकडेने आला. मोकळ्या, रिकाम्या बसमध्ये.

"असा का आलास?" मी विचारलं.

"कसा?" तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

त्या दिवशी संगीता आली तेव्हा मी तिला बाहेर गाठून कमळबद्दल विचारलं. वाटलं होतं, गावातलीच कुणीतरी असेल, आता सुनानातवंडांत रमली असेल.

"कमळमावशी काविळीनं गेली," संगीता म्हणाली. "सुगंधाकाकी त्याच्या पुढच्या सालात. छातीत दुखलं, दवाखान्यात न्यायला पण टाइम मिळाला न्हाय."

"आणि बाकीच्या? त्या अजून कुणाकुणाची नावं घेतात."

संगीताने चपलेने माती सारखी केली. "ताई, ह्या गाडीनं लय बायका जायच्या. त्यातल्या निम्म्या तरी जित्या हायत, आमच्या आळीतच दोघी हायत. आई त्यांचं नाव कदी काढत न्हाय. ज्या गेल्या, तेवढ्याच तिला गाडीत दिसतात."

"अपघात वगैरे झाला होता का?"

"न्हाय हो. जी ती आपापल्या घरी, आपापल्या दुखण्यानं गेली."

अपघात असता तर मला बरं वाटलं असतं. का ते नीट सांगता येत नाही. अपघाताची गोष्ट तिथल्या तिथे संपते. इथे एकेक जण आपल्या सवडीने येऊन बसमध्ये बसली होती.

शुक्रवारी यार्डातलं काम बंद होतं. आम्ही गणेशपुरीला गेलो. एसटी मिळते, वाटेत वज्रेश्वरी लागते. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो, भरपूर चालल्यावर मिळावं तसं सुख मिळालं. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते. बस सोडून द्यावी का, यावर तिथे आम्ही पहिल्यांदा उघड बोललो. पैसे देऊन झाले होते, घर सोडायची तारीख तोंडावर होती. निखिल म्हणाला, "एका आजारी बाईच्या बोलण्यावरून आपण बस सोडायची?" त्यात चूक काहीच नव्हतं. मी म्हणाले, ठेवू बस.

शनिवारी संगीताने सहज सांगितलं, "काल आई तुमची वाट बघत होती. म्हणत होती, नवी आज दिसत न्हाय, तिची जागा धरून ठेवा."

ती हसत होती. मीही हसले. मग बराच वेळ पंप मारून बसमधलं सगळं पाण्याने धुतलं, गरज नव्हती तिथेही.

शेवटी एकच सीट उरली, ताराबाईची. निखिलने ग्राइंडर उचलला आणि खाली ठेवला. चाचा म्हणाले, "राहू द्या. नाशिकला जाऊन काढा." गाडी तेच चालवत आणणार होते. इंजिन त्यांनी चालू केलं होतं, टायर बदलले होते. अडचण होती ती निघायच्या सकाळची. ताराबाई येणार, आणि तिच्या डोळ्यांसमोर बस जाणार. संगीता म्हणाली, "घरात कोंडून ठेवली तर डोकं आपटून घेते. त्यापेक्षा बसू दे. ड्युटीवर सोडा तिला. गोदामाच्या गेटवर आमी उतरू, रिक्षानं परत येऊ." गोदाम अंजूरफाट्याच्या वाटेवरच होतं.

तर सोमवारी सकाळी ताराबाई चढली, बसली, आणि कित्येक वर्षांनी तिच्या पायाखालची बस हलली. तिला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

पहिल्या फाट्यावर ती म्हणाली, "थांबवा."

चाचांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी थांबवली. फाट्यावर कुणी नव्हतं. ताराबाईने दाराकडे पाहिलं, जरा वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "चला." असंच पुढच्या पिंपळापाशी, असंच एका पुलाच्या अलीकडे. चाचा प्रत्येक ठिकाणी दार उघडायचे आणि बंद करायचे. तिसऱ्या थांब्यानंतर गाडी चढाला दमायला लागली.

"पिकअप घेत नाही," चाचा पुटपुटले. "काल रिकामी चालवली तेव्हा चांगली होती."

"आजही रिकामीच आहे," निखिल म्हणाला. मी दांड्याला धरून उभी होते, पुढे, चाचांच्या मागे. मागे वळून पाहिलं नाही.

गोदामाचं गेट बंद होतं. आत दुसऱ्याच कुणाचे ट्रेलर उभे, वॉचमन खुर्चीवर. संगीता आधी उतरली, मग ताराबाई. खाली उतरून ती दाराच्या बाजूला उभी राहिली, एक हात दांड्यावर.

"उतरा गो, सावकाश," ती म्हणाली. "पायरी उंच हाय."

आणि थांबली. तिचे डोळे दारातून खाली, दारातून खाली, असे फिरत होते. चाचांनी ब्रेक धरून ठेवला होता. खालून स्प्रिंगचे पाटे कुरकुरले, आणि बस माझ्या पायाखाली किंचित वर आली. किंचितच. निखिलने खिडकीची कड घट्ट धरली, त्यावरून कळलं की ते मला एकटीलाच जाणवलं नव्हतं.

मग ताराबाईने वर पाहिलं. दारात मी उभी होते.

"तू उतर की."

"मला पुढे जायचंय, आई."

"पुढं कुठं? पुढं गाडी जात न्हाय. हाच लास्ट स्टॉप."

तिच्या आवाजात काळजी होती. ती भीती दाखवत असती तर मला सोपं गेलं असतं. संगीताने तिचा दंड धरला, "चला आई, हजेरीचं पंचिंग करायचंय," म्हणाली आणि तिला वळवलं. ती जाताना दोनदा मागे वळली. चाचांनी गाडी काढली. हायवे लागला. मग ते म्हणाले, "इंजिन गरम झालं की उचलते. जुन्या गाडीचं असंच असतं." कसारा घाट तिने एका दमात चढला.

आता आम्ही गिरणाऱ्याला बसमध्येच राहतो. ओटा मागच्या बाजूला, पलंग आडवा, वर पंखा, छपरावर सोलर. ताराबाईची सीट शेवटी निखिलने कापली, मी त्या वेळी मामांच्या घरी गेले होते. नोंदणी बदलायचं काम आरटीओतून व्हायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा. लोक विचारतात, पस्तावलात का? नाही. सकाळी खिडकीतून द्राक्षांचे मळे दिसतात, घरमालकाचा फोन येत नाही. आत वावरताना निखिल अजून कडेकडेनेच चालतो. मी आता त्याला विचारत नाही.

परवा संगीताचा फोन आला. ताराबाई घरीच असते, म्हणाली. डबा मागत नाही, कमळ-सुगंधाशी बोलत नाही, जेवते, झोपते. सगळ्यांना हायसं वाटलंय.

"एकच गोष्ट रोज इचारते बगा," ती म्हणाली. "ती नवी उतरली का, की तशीच बसलीय आत."

मी ओट्याशी उभी होते. गॅसवर दूध होतं.

"सांगा, उतरली म्हणून," मी म्हणाले.

"तेच सांगते मी. तिला पटत न्हाय."

मी गॅस बंद केला. फोन कानाला तसाच धरून दारापर्यंत गेले, पायरी उतरले आणि मामांच्या काळ्या मातीत अनवाणी उभी राहिले.

"आता सांगा," मी म्हणाले.