मागे न येणारा बुलडोझर

पनवेलच्या एका कंत्राटदाराकडे मी फिटर होतो, तेव्हाची गोष्ट. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. माझं वय सव्वीस, लग्न नुकतंच झालेलं. मुंबईच्या कारखान्यात तीन वर्षं काढल्यामुळे यंत्रातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी समजूत होती.

गव्हाणजवळ खाडीच्या कडेला मातीचा बांध घालायचं काम चाललं होतं. त्या कामावर महायुद्धानंतर विक्रीला निघालेला एक जुना, पट्ट्यांवर चालणारा बुलडोझर होता. त्याला गिअरच्या दांड्याखेरीज आणखी एक दांडा होता, रिव्हर्सरचा. तो पुढे ढकलला की यंत्र पुढे, मागे ओढला की मागे. पण मागे ओढल्यावर तो तिथे टिकत नसे. जरा धक्का बसला की सुटून मधे येई आणि यंत्र चालायचं थांबे. बुलडोझरचे ड्रायव्हर गव्हाणचेच, पन्नाशीचे, मिठागरात वाढलेले गृहस्थ. त्यांनी त्यावर उपाय काढला होता. दांडा ओढला की काथ्याची दोरी घालून तो सीटला अडकवायचे.

मी दांड्याखालची स्प्रिंग बदलली. जुनी खरंच मेली होती. "झालं काका, आता दोरी नको," मी म्हणालो.

"मेस्त्री, ह्यो स्प्रिंगचा काम नाय. आत कायतरी झिजलंय. माज्या हाताला समजतं."

"गिअरबॉक्स उघडला तर काम चार दिवस बंद पडेल. गरज नाही त्याची."

त्यांनी वाद घातला नाही. दोरी मीच सोडली आणि बाजूला भिरकावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बांधाच्या टोकापर्यंत माती ढकलली, मागे यायला दांडा ओढला आणि यंत्र जरा हलताच तो सुटला. ब्रेक दाबेपर्यंत पट्ट्यांखालची ओली माती खचली. बुलडोझर तोंड खाली करून खाजणाच्या, भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या, चिखलात उतरला.

निरोप आला तसा मी सायकलवरून गेलो. काका बांधावर बसले होते. डावं मनगट सुजलेलं, त्यावर ओला फडका. वाटेत बरंच काही बोलायचं ठरवलं होतं.

"काका, चूक माझी झाली," एवढंच म्हणालो.

"हां," ते म्हणाले. मग खाडीकडे बघत म्हणाले, "आता भांगाची भरती हाय, लहान. पानी इथवर येनार नाय. पाच-सा दिवसांनी उधान लागंल. त्याच्या आधी काय ते कर."

पुढे नुसता चिखल होता. ओढून काढायला दुसरं यंत्र नव्हतं. म्हणजे बुलडोझरला स्वतःच मागे यावं लागणार होतं.

सीट काढली, झाकण उघडलं. दांड्याच्या खाली एक लोखंडी बेचकं असतं. ते एका दातेरी चाकाला सरकवून दुसऱ्या चाकात अडकवतं. त्या बेचक्याची टोकं झिजून निम्मी झाली होती. चाक अर्धंच आत जायचं, त्यामुळे दोन्हीकडच्या दात्यांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल झाल्या होत्या. काकांनी वाकून पाहिलं, एका दात्यावरून बोट फिरवलं आणि ते बाजूला झाले.

बेचकं आणि चाकं गोणपाटात बांधून मी पनवेलला गॅस वेल्डिंग करणाऱ्या चाचांकडे नेली. त्यांनी बेचक्याच्या टोकांवर पितळ भरून दिलं. मग दोन्ही चाकं हातात घेऊन उलटसुलट केली.

"ही बाजू बघितलीस? इकडचे दाते एकदम साबूत आहेत. दोन्ही उलटी बसव की."

मला ते सुचलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी बांधावर बसून कानस चालवत होतो. पितळ जाड राहिलं की दांडा बसेना. घासायचं, लावायचं, पुन्हा काढायचं. काका उजव्या हाताने दांडा हलवून बघत आणि सांगत, "अजून जाड हाय." चौथ्या खेपेला म्हणाले, "आता बसला."

पाचव्या दिवशी सकाळी तेल भरलं. मजुरांनी पट्ट्यांमागे दगड आणि खाडीकाठच्या तिवराच्या झाडांच्या फांद्या टाकल्या.

"मी चालवू का?"

"नको. ही जागा तुला मायत नाय. तू बाजूला बस. दांडा डावीकडं हाय, माजा हात चालत नाय."

त्यांनी सांगितल्यावर मी दांडा ओढला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

"हात काढ," काका म्हणाले.

मी हात काढला. पट्टे चिखलात दोनदा फिरले, मग फांद्यांवर पकड बसली. यंत्र इंच इंच करत मागे सरकू लागलं. माझी नजर दांड्यावरच होती. बांधावर येईपर्यंत तो जागचा हलला नाही.

कंत्राटदार शेठना झाला प्रकार मीच सांगितला. काकांचं मनगट बरं व्हायला तीन आठवडे लागले. तितके दिवस मी रोज सायकलने जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसत होतो. "ओढ", "सोड", यापलीकडे आमचं फारसं बोलणं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी इंजिन बंद केलं आणि विचारलं, "घरी कोन कोन हाय तुज्या?"

"बायको आहे."

"रविवारी तिला घेऊन ये. खाडीतला जिताडा मासा आनतो."

आम्ही गेलो.