बाळाच्या पाण्याचा कारभारी

आमच्या घरात पाण्यावरून भांडण झालं, तेव्हा नळाला पाणी चांगलं जोरात येत होतं. टंचाईत भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. भरपूर पाण्यात भांडणारी फक्त आमच्याच घरात पाहिली.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात माझं शेतीपंपांचं दुकान आहे. विहिरीचं, नदीचं, बोअरचं, कुठलंही पाणी वर चढवून देणं हा माझा धंदा. त्यामुळे पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता (आणि गिऱ्हाइकांचाही मी तो करून दिला होता). आमची मुलगी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची. माझी बायको सुजाता मलकापूरला माहेरी बाळंतपण उरकून तिला घेऊन नुकतीच घरी आली होती. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं, काट्याकडं पाहिलं, बाळाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, वजन वाढायला हवं तितकं वाढलेलं नाही. अंगावरच्या दुधाच्या जोडीला थोडे दिवस डब्यातली पावडर द्या आणि सोमवारी पुन्हा दाखवा. सुजाताचा चेहरा उतरला. माझाही उतरला होता. एवढासा तो जीव, आणि तो उपाशी राहतोय की काय या विचारानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दूध करायची पद्धत बाईंनी नीट समजावून दिली होती. पाणी खळखळून उकळायचं, थोडंसं निवलं की चांगलं गरम असतानाच मापानं बाटलीत घ्यायचं, मग त्यात सपाट चमच्यानं पावडर घालायची, बाटली गार पाण्यात धरून दूध कोमट करायचं आणि उरलं तर ओतून द्यायचं. दर वेळी ताजं. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण ऐकायला आम्ही तिघं होतो, सुजाता, मी आणि माझी आई. रिक्षा बावड्यात पोचेपर्यंत एका सांगण्याची तीन सांगणी झाली होती.

आईचं म्हणणं, नळाचं पाणी बरं. ते पिऊनच मी एवढा झालो. (एवढा म्हणताना तिनं माझ्या पोटाकडं हात केला.) मी म्हणालो, घरात एवढा महागाचा फिल्टर बसवलाय तो काय शोभेला? शिवाय मी दुकानातून पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र आणलं होतं. ते मी नळाच्या पाण्यात बुडवलं, फिल्टरच्या बुडवलं, माठात बुडवलं, शेजाऱ्यांच्या बोअरच्या पाण्यात बुडवून आलो. आकडे बघून मी गंभीर होत होतो आणि मला गंभीर बघून शेजारीही गंभीर होत होते. शेवटी मी ते पांढऱ्या रश्शात बुडवलं तेव्हा आईनं माझ्या हातातून काढून घेतलं.

एवढ्यात मलकापूरहून मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याचा मोठा कॅन. एवढं ओझं त्यांनी एसटीतून मांडीवर धरून आणलं होतं. जयभीम झाला, टेकले, आणि कॅनवर हात ठेवून म्हणाले,

"पावणं, हे आमच्या झऱ्याचं पाणी हाय. आमच्याकडं व्हती तवर पोर गुबगुबीत व्हती. हितं आली आन् सुकली. तुमचं पाणी लागलं."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बावड्याच्या पाण्याला कुणी नाव ठेवलेलं तिला सहन होत नाही. सुजाताही इथलंच पाणी पिते म्हणून तिचं दूध कमी झालं, असं मामांचं पुढचं शास्त्र होतं. त्यावर आईचं शास्त्र सुरू झालं. मी मध्ये पडून क्षारांचे आकडे सांगितले, तर दोघांनी मिळून मला गप्प बसवलं.

सुजातानं वाद घातला नाही. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंचा निकाल असा, की पिण्याचं म्हणून येणारं नळाचं पाणी चालेल, फिल्टरचं चालेल, पण कुठलंही असो, ते उकळायचंच. विकतच्या बाटलीतलं असलं तरी उकळायचं, आणि वरून क्षार घातलेलं असेल तर ते घ्यायचंच नाही. यंत्राला क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. झऱ्याचं पाणी आजोबांनी स्वतः प्यावं. मामा मुकाट्यानं उठले आणि कॅनमधलं पाणी पेल्यात ओतून प्यायले. आई जिंकली, आणि ते तिनं पुढं चार दिवस कुणाला विसरू दिलं नाही.

निकालात माझ्या यंत्राची फजिती झाली तरी पाण्याचं खातं मी सोडणार नव्हतो. उकळायची जबाबदारी माझी, असं मी जाहीर केलं. आणि इथं माझा धंदा आडवा आला. पंपवाल्याच्या डोक्यात पाणी म्हणजे टाकी. एकदा भरून ठेवायची, मग दिवसभर बघायला नको. मी सकाळी दुकानाला जाण्याआधी पातेलं भरून पाणी उकळायचो, स्टीलच्या तांब्यात ओतून वर ताटली झाकायचो आणि निघायचो. बाईंनी दर वेळी ताजं करायला सांगितलंय, असं सुजाता म्हणाली. मी तिला साठवणुकीचे फायदे समजावून सांगितले. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आमच्या घरात हे चांगलं लक्षण नाही.

बाळ बघायला त्या आठवड्यात माणसांची रीघ लागली होती. आणि कोल्हापूर भागात उंबरा ओलांडून आलेल्या माणसाच्या हातात आधी पाणी द्यायचं, मग बसा म्हणायचं, मग तो कोण ते विचारायचं. आई या बाबतीत फार कडक. ओट्यावर लख्ख तांब्या, वर ताटली, आत पाणी. तिला आणखी काय पाहिजे? दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आलो तर आलेल्या बायका माझं उकळलेलं पाणी पीत होत्या. त्यातली एक म्हणत होती, पाणी कोमट का हो?

"आई, ते बाळाचं पाणी हाय," मी आत जाऊन दबक्या आवाजात म्हणालो.

"मग? पावण्यांनी काय गटारीचं प्यायचं?"

"आता बाळाला काय द्यायचं? तांब्या रिकामा केलास."

"रिकामा कुठं ठेवलाय? नळाचं भरून ठेवलं की परत."

माझ्या पायाखालची जमीन सरकली! उकळलेल्या पाण्यात आई कच्चं पाणी ओतत होती, आणि तेही भरल्या घरात तांब्या उणा राहू नये म्हणून, अगदी प्रेमानं. मी तांब्या मोरीत ओतला आणि पुन्हा पातेलं चढवलं.

यावर मी तोडगा काढला. तांब्या बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये, माझ्या फुटबॉलच्या कपांमागं लपवला. संध्याकाळी शिवाजी पेठेतला माझा मावसभाऊ बाळ बघायला आला. तो स्वतः खेळाडू, त्यामुळे बाळाआधी त्यानं कप बघितले. एक कप उचलला, मागं तांब्या दिसला. एवढी सोय करून ठेवलेली बघून तो बिचारा भारावला, आणि मान वर करून वरून धार धरत अर्धा तांब्या प्यायला.

शनिवारी मी दुपारचं दुकान बंद ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पहाऱ्यालाच बसलो. तांब्या माझ्या मांडीवर. आई शेजारी गेली होती, मुक्कामाला राहिलेल्या मामांचा डोळा लागला होता. आत बाळ कुरकुरायला लागलं होतं. आता बाटली माझ्याच पाण्याची, या विचारानं मी ताठ बसलो होतो. तेवढ्यात फाटक वाजलं आणि नळाच्या मीटरचं रीडिंग घेणारा माणूस दारात आला. उन्हानं लाल झालेला, घामानं भिजलेला. तो काही मागत नव्हता. मी उठलो, पेला घेतला, तांब्यातून काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. तो संपल्यावर दुसरा भरला. तिसरा ओतताना आपण काय करतोय ते माझ्या लक्षात आलं.

"पाणी लई ग्वाड लागतंय," तो तोंड पुसत म्हणाला. "कुठलं म्हणायचं?"

नळाचंच, असं मी त्याला सांगितलं. त्यानं संशयानं मीटरकडं पाहिलं, आकडा टिपला आणि गेला. मागं वळून बघतो तर सुजाता उभी. तिनं तांब्यात डोकावलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत गेली. थोड्या वेळानं बाळाचं रडणं थांबलं. मी मात्र तोंड लपवायला म्हणून जाऊन दुकान उघडलं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं. मी आकड्याकडं बघत होतो. वजन वाढलं होतं. चांगलं वाढलं होतं! सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाईंनी विचारलं, पाणी कोण करतं? मी पुढं झालो आणि पातेलं, तांब्या, ताटली, सगळं सविस्तर सांगायला लागलो. बाईंच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या, तसं सुजातानं मला हळूच कोपरानं मागं सारलं आणि ती त्यांच्याशी बोलली. बाई हसल्या.

परतताना रिक्षात मी तिला विचारलं, काय सांगितलंस?

"खरं ते सांगितलं," बाळाचं टोपडं सारखं करत ती म्हणाली. "दर बाटलीला मी माझं छोट्या भांड्यात ताजं उकळून घेतीय. पयल्या दिवसापास्नं. तुमच्या तांब्यातला थेंबबी बाळाला दिला न्हाय."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी आवडीनं करत व्हता. आन् पावण्यांना लागतंयच की पाणी."

तेव्हा आता मीही खरं ते सांगून टाकतो. त्या आठवड्यात मी उकळलेल्या पाण्यानं कुणाची प्रकृती सुधारली असेल, तर ती फक्त पावण्यांची.