नांग पुरिंगच्या भाड्याच्या पँटी

बोहोल बेटावरच्या आमच्या गावात इमिग्रेशनच्या कचेरीसमोर नांग पुरिंगची खानावळ आहे. नांग म्हणजे ताई. सत्तरीचे परदेशी म्हातारेही तिला नांगच म्हणतात, कारण तिच्या जिभेपुढे सगळेच धाकटे. निवृत्तीच्या व्हिशावर इथं राहायला आलेल्या या मंडळींना दरवर्षी नोंदणीची फी भरावी लागते आणि कचेरीत हाफ पँट चालत नाही. समुद्रकाठी राहून ही माणसं अंगभर कपडे विसरूनच जातात. पुरिंगनं हे बरोबर हेरलं. तिनं खिडकीत दोरी बांधली, तिच्यावर पँटी टांगल्या आणि भाड्यानं द्यायला लागली. "कचेरी त्यांची, अब्रू माझी," असं ती म्हणते आणि ते खोटं नाही.

तिचा नवरा जहाजावर होता, तो वारला. मुली दुबईत नोकरीला. तरी पुरिंग रडत बसणाऱ्यांतली नव्हे. कुणाचं पोट सुटलं की ती पँटीचं बक्कल बघून सांगते आणि वर त्यालाच भाताची दुसरी वाटी वाढते.

ऑस्ट्रेलियातून आलेला मर्विन तिचं रोजचं गिऱ्हाईक. बायको गेल्यावर तो इथं आला होता. शेवग्याचा पाला घातलेलं माशाचं सार तो दुपारी दोनदा मागून घ्यायचा. पुरिंग त्याला 'सर मर्विन' म्हणायची आणि पैसे चोख घ्यायची. यंदा जानेवारीत त्यानं सांगितलं की मुलगी बोलावतेय, आता परतच जातो, फी भरत नाही. पुरिंग "बरं" म्हणाली आणि त्या दिवशी सारात मीठ घालायला विसरली. सगळ्यांनी निमूट खाल्लं. तिला फार वाईट वाटलं होतं. पण या वयात असलं काही बोलून दाखवायची चोरी.

फी भरायच्या शेवटच्या दिवशी, कचेरी बंद व्हायला आली असताना, मर्विन रिक्षातून उतरला तो हाफ पँटीत. दारावरच्या तेरियोनं त्याला अडवलं. तेरियो पुरिंगचा आतेभाऊ, पण ड्यूटीवर तो सख्ख्या आईचाही नव्हे. मर्विन रस्ता ओलांडून धापा टाकत खानावळीत आला.

"तुमच्या पँटी कुठे गेल्या, सर मर्विन?"

"वाटून टाकल्या. जायचंच होतं ना. आज सकाळी बॅग बंद केली आणि पाऊलच उचलेना." तो बाकावर बसला. "मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, तुम्ही इकडे आलात तरी तिकडचंच बोलत बसाल, राहा तिथंच. पण आज फी भरली नाही गेली, तर मी समजेन की जायचंच नशिबात होतं."

"नशिबाला कशाला मध्ये घालता? उभे राहा," पुरिंग म्हणाली.

दोरीवरची एकेक पँट तिनं त्याच्या पायाला लावून पाहिली. साडेसहा फुटी माणूस तो, सगळ्या पँटी गुडघ्याच्या जरा खाली येऊन थांबायच्या. आमच्याकडच्या पँटी आमच्याच मापाच्या, त्याला कोण काय करणार? सगळ्यात ढगळ तपकिरी पँट तिनं काढली. मग मागचापुढचा विचार न करता, सणासुदीच्या भाड्यासाठी राखलेल्या निळ्या पँटीचे पाय कात्रीनं उतरवले आणि ते तपकिरीला जोडायला शिलाई मशीनवर बसली. जेवणारे जेवायचे थांबले. एकानं कंदील धरावा तसा पंखा तिच्याकडे वळवून धरला, दुसऱ्यानं सुई ओवून दिली, तिसरा नुसताच सल्ले देत होता.

वर तपकिरी, खाली निळी, अशी पँट घालून मर्विन निघाला तेव्हा रांगेतले लोक पोट धरून हसले. तोही हसला. तेरियोनं त्याला खालून वर न्याहाळलं, दारावरची पाटी पुन्हा वाचली आणि म्हणाला, "रंगाबद्दल नियमात काही नाही. जा आत."

पुरिंग चुलीपाशी गेली, परत दारात आली, पुन्हा चुलीपाशी गेली. कुणी बिल मागितलं तर तिला हिशेब सुचेना. कचेरीचा दरवाजा लावायला तेरियो उठला तेवढ्यात मर्विन पावती उंच धरून बाहेर आला. खानावळीत टाळ्या पडल्या. आता एक वर्षाची तरी चिंता मिटली होती.

गर्दी पांगली. पुरिंगनं त्याच्यापुढे सार ठेवलं, भात ठेवला. मग आत जाऊन आणखी एक ताट वाढून आणलं आणि त्याच्यासमोर बसली. इतक्या वर्षांत जेवायला आलेल्या माणसासमोर ती कधी बसली नव्हती. मर्विन घाईघाईनं पाकीट काढून पँटीचे आणि जेवणाचे किती झाले ते विचारू लागला.

"ठेव ते, मर्विन," ती भात कालवत म्हणाली. "पैसे मी गिऱ्हाइकांकडून घेते."